बांधाच्या आतली खारफुटी

गोव्यात चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर पूर्वी भात पिकायचा अशा कित्येक ठिकाणी आज दाट खारफुटी दिसते. 'निसर्ग परत आला' म्हणून तिचं कौतुक होतं. नदीकाठची खारफुटी लाटा अडवते, माशांच्या पिलांना आसरा देते, ती हवीच. पण बांधाच्या आत ती वाढली, तर बहुतेकदा अर्थ एकच असतो: बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि शेत गेलं.

मांडवी, झुआरी नद्यांच्या मुखाकडची ही बांध घातलेली शेतजमीन, म्हणजे खाजन, भरतीच्या पातळीपेक्षा खोल आहे. गोव्यात ती सुमारे 18,000 हेक्टर असावी असं मानतात. चिखल आणि जांभ्या दगडाच्या बांधांनी पिढ्यान् पिढ्या नदीला बाहेर ठेवलं आहे. सगळी करामत मात्र मानशीत, म्हणजे बांधातल्या लाकडी दारात आहे.

हे दार एकाच दिशेला, नदीकडे उघडतं. ओहोटीला नदी उतरली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. भरतीला बाहेरची पातळी चढते आणि तेच पाणी दार चौकटीवर दाबून धरतं. किती जोराने? पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून दारावरचं एकूण बल खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दार 1 मीटर रुंद, बाहेर 1.5 मीटर आणि आत 1 मीटर पाणी धरा. वर्गांमधला फरक 2.25 वजा 1, म्हणजे 1.25. त्याची निमपट घेऊन पाण्याची घनता आणि गुरुत्वत्वरण यांनी गुणा: सुमारे 6,100 न्यूटन. 600 किलोहून जास्त वजनाचा हा रेटा! भरती जेवढी मोठी, तेवढं दार घट्ट. वीज नाही, पंप नाही. दिवसातून दोनदा चंद्रच हे काम करून घेतो.

पावसाळ्यात गोव्यात जवळपास 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो मातीतलं मीठ विरघळवतो आणि ओहोटीच्या वेळी ते मानशीतून नदीला मिळतं. मग कोरगुटसारखा, थोडा खारेपणा सोसणारा भात उभा राहतो. मानशीला जाळं लावलं की शेवटे, चोणक हे मासे आणि सुंगटं म्हणजे कोळंबी मिळते.

'पूर्वजांचं कधीच न बिघडणारं तंत्रज्ञान' असे संदेश खाजनांबद्दल फिरतात, ते चूक आहेत. खेकडे बांधाला भोकं पाडतात, खनिजाच्या बार्जेसच्या लाटा माती खातात, लाकूड कुजतं. बांध टिकले ते दुरुस्तीमुळे, आणि ती गावकरी संस्था, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्था, करून घेत असत. 1526 च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत या संस्थांचे रिवाज नोंदलेले आहेत, म्हणजे त्या त्याहून जुन्या आहेत. कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला हे न्याय्यच झालं, पण दुरुस्तीची शिस्त अनेक गावांत विस्कटली.

मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. पाणी जास्त आत घेतलं तर मासे जास्त, म्हणून भरतीला दार उघडं ठेवण्याचा मोह ठेकेदाराला होतो. मीठ भातात शिरतं, शेतकरी पेरणी सोडतो, पडीक शेताच्या बांधाकडे कुणी पाहत नाही. पुढे खारफुटी रुजते आणि ती कायद्याने संरक्षित असल्यामुळे तोडून पुन्हा भात लावणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून झाडांचे आकडे मोजण्याआधी लिलावाचे करार वाचायला हवेत: दार कधी बंद राहील, ते कोण तपासेल, आणि लिलावाच्या पैशातला किती भाग बांधावर खर्च होईल.