पादचारीस्नेही मिश्र वस्ती (नवी मुंबई)

राहती घरे, दुकाने, दवाखाने, शाळा आणि जमेल तिथे कामाच्या जागाही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली वस्ती. नगररचनेत तिला ‘मिश्र भूवापर’ म्हणतात. मात्र इमारतीखाली गाळे काढले म्हणून वस्ती चालण्याजोगी होतेच असे नाही, आणि नवी मुंबई हे याचे चांगले उदाहरण आहे.

वापरानुसार जमिनीचे विभाग पाडण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात मान्यता दिली. कारखान्याचा धूर घरापासून दूर गेला, पण त्याबरोबर कोपऱ्यावरचा दुकानदारही दूर गेला आणि उपनगरात पाव आणायलाही मोटार काढावी लागू लागली. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये यावर कडाडून टीका केली. आपल्याकडच्या पेठांना आणि आळ्यांना ही टीका वाचायची गरज पडली नाही. ठाण्यात नौपाड्याच्या गोखले रोडवर खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हे चित्र जुनेच.

खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, १९७० मध्ये स्थापन झाले. एकसलग शहराऐवजी वाशी, नेरूळ, बेलापूर असे नोड (छोटी उपनगरे) आणि प्रत्येक नोडला स्वतःचा बाजार, शाळा, मैदान अशी आखणी होती. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, रेल्वे १९९२ मध्ये आली. मधल्या जवळपास वीस वर्षांत मुंबई गाठायची तर रस्त्यानेच, त्यामुळे रोजची खरेदी सेक्टरमध्येच उरकणे भाग होते. वाशीच्या जुन्या सेक्टरांतले बाजार त्या काळात मुरले. बेलापूरला कोरियांनी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली. तिथले माप मोटारीचे नसून माणसाच्या पावलांचे आहे.

सगळे श्रेय नियोजनकारांना देता येत नाही. भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये झालेल्या शेतकरी आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला परत. या भूखंडांवर गावठाणांना लागून उभ्या राहिलेल्या इमारती दाटीच्या, बऱ्याचदा बेढब; पण तळमजल्यावर गिरणी, केमिस्ट, भाजीवाला, इस्त्रीवाला, क्लासेस सगळे काही. संध्याकाळी पायी माणसे सर्वाधिक दिसतात ती अशाच गल्ल्यांत.

अशा वस्तीची ओढ नेमकी याच किरकोळ कामांत आहे. कोथिंबिरीची जुडी, दळणाचा डबा, रक्तदाबाच्या गोळ्या यांसाठी रिक्षा करावी लागू नये, एवढीच अपेक्षा असते. ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा चालवायची नाही, म्हणजे आजी-आजोबा आणि शाळकरी मुले, त्यांचे स्वातंत्र्य मात्र त्यावरच ठरते. त्याची किंमतही मोजावी लागते. स्टेशनजवळचे घर महाग पडते, गाळ्यांवरच्या पहिल्या मजल्याला आवाज सोसावा लागतो, मार्जिनल स्पेसमध्ये (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) दुकानाचा माल पसरतो आणि फुटपाथवर दुचाकी लागतात. गाळे असूनही चालता येत नाही, ते असे.

कामाच्या जागांचे गणित आणखी अवघड. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत घरे साधारण पश्चिमेला आणि एमआयडीसी पूर्वेला; मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेमार्ग. नकाशावर अंतर थोडे दिसते, पायी जाताना मात्र रस्ता आणि रूळ दोन्ही ओलांडावे लागतात. वाशी आणि बेलापूर स्थानकांच्या इमारतींत कार्यालये आहेत, सीवूड्स-दारावे स्थानकाला तर मॉलच जोडलेला आहे. गाडीतून उतरून थेट दुकानात जाता येते. पण बाहेर पडल्यावर पुढचा अर्धा किलोमीटर कसा आहे, यावर माणूस चालणार की रिक्षाच्या रांगेत उभा राहणार हे ठरते.

खारघर, उलवे अशा नंतरच्या नोडमध्ये रस्ते रुंद, भूखंड मोठे आणि संकुलांना कुंपण. समोरच्या दुकानात जायचे तरी आधी गेटपर्यंत वळसा घालावा लागतो. बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि खारघरमधून जाऊ लागली. दुसरीकडे वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. जिना उतरला की थेट रस्ता लागणाऱ्या चारमजली घरांच्या जागी पार्किंगच्या मजल्यांवर उभे टॉवर येत आहेत.