फुकट उपचाराला एवढा खर्च कसा येतो?

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत, आणि तेव्हापासून नाशकात एक वाक्य फार ऐकू येतं की आता सगळं फुकट आहे तरी ही लोकं वेळेवर येत नाहीत, पार हाताबाहेर गेल्यावर येतात. बोलणारा बहुतेक गंगापूर रोड नाहीतर कॉलेज रोडचा असतो, जिथे रिक्षा न करताही दवाखाना गाठता येतो.

आता जरा हिशोब करू. समजा जिल्ह्याच्या टोकाच्या आदिवासी भागातली, सुरगाण्याकडची एक बाई द्राक्षाच्या सीझनला टोळीबरोबर दिंडोरीला आलीय, थिनिंगचं (घडातले जास्तीचे मणी काढायचं) काम उक्तं घेतलेलं, एक माणूस कमी पडलं की बाकीच्यांवर लोड येतो म्हणून सुट्टी मागायचीच पंचाईत. तिला महिनाभर खोकला आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की टीबीची तपासणी करा असं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, तपासणी फुकट, औषधं फुकट. पण सिव्हिलला जायचं तर सोबत कोणीतरी पाहिजे, कारण कुठल्या खोलीत जायचं, कोणाला विचारायचं, एकटीला सुधरत नाही. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली, एसटीचं तिकीट (तिचं अर्धं, नवऱ्याचं पूर्ण), चहा-वडापाव, ओपीडीची लाईन, एक्स-रेची लाईन, आणि शेवटी काउंटरवरून उत्तर येतं, रिपोर्ट उद्या. उद्या म्हणजे परत पहिल्यापासून सगळं! मग ती दुखणं अंगावर काढते, आणि मला विचाराल तर तिचा हिशोब चुकीचा नाहीये.

टॅलकॉट पार्सन्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलं होतं की आजारी माणसाला समाज कामातून सूट देतो, बदल्यात त्याने डॉक्टरचं ऐकून लवकर बरं व्हायचं असतं. ऐकायला छान आहे, पण ही सूट मिळते कोणाला? सातपूर-अंबडच्या कंपनीत ईएसआय (पगारातून कापला जाणारा कामगार विमा) असलेला कामगार आजारी पडला तर नियमात बसल्यावर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. द्राक्षबागेतल्या मजुराला शून्य. खोकला तोच, जिल्हा तोच.

१९७१ मध्ये ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की जिथे चांगल्या उपचारांची गरज जास्त तिथे ते कमी मिळतात, आणि आरोग्यसेवा बाजारावर जितकी सोडाल तितकं हे वाढत जातं. आपल्याकडे नकाशा उघडा की दिसतंच. मुंबई नाक्याच्या आसपास हॉस्पिटलं दाटीवाटीने उभी आहेत, पेठ-सुरगाण्यात स्पेशालिस्ट शोधावा लागतो. राज्यभरातली मेडिकल कॉलेजं ज्याच्याशी जोडलेली आहेत ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला दिंडोरी रोडवरच आहे, आणि सुरगाण्याला जायचा एक रस्ता तोच!

सरकारी आकडे सुधारलेत हे मान्य. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला. पण बुडालेली मजुरी त्या हिशोबात धरतच नाहीत. शिवाय महात्मा फुले योजना असो की आयुष्मान, कार्ड मुख्यतः ॲडमिट झाल्यावर चालतं, बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला मेडिकलमधून घेतल्या तर पैसे खिशातलेच.

म्हणून मला त्यातल्या त्यात राज्य सरकारच्या 'आपला दवाखाना' या छोट्या मोफत दवाखान्यांची कल्पना बरी वाटते, कारण तिथली वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरवलीय, म्हणजे बागेतलं काम उरकून जाता येतं. अर्थात रात्री ८ वाजता तिथे डॉक्टर बसलेला पाहिजे, आणि थुंकीचा नमुना तिथेच घेऊन रिपोर्ट फोनवर कळवला पाहिजे, नाहीतर दुसरी चक्कर आलीच.