लॅपटॉपचं वाय-फाय दर अपडेटला का बंद पडायचं? कर्नल मॉड्यूलची पार्श्वभूमी

ड्रायव्हर (वाय-फायसारखं हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे वेगळा जोडता येणारा तुकडा, म्हणून चालू कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चढवायची सोय लिनक्समध्ये १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत आली होती. पण आज लॅपटॉपवर मॉड्यूल कंपाइल करायची, म्हणजे सोर्स कोडपासून बांधायची, जी पद्धत आपण वापरतो, ती डिसेंबर २००३ च्या २.६ पासूनची. तेव्हापासून बाहेरचा ड्रायव्हरही कर्नलच्याच मेकफाइलींनी (बांधणीच्या सूचना असलेल्या फाइलींनी) बांधला जातो. त्यासाठी अख्खा सोर्स उतरवावा लागत नाही. चालू कर्नलच्या हेडर फाइलींची (आतल्या फंक्शनांची वर्णनं असलेल्या फाइलींची) जोडणी पुरते. तयार मॉड्यूलमध्ये ‘व्हरमॅजिक’ नावाची एक ओळ असते. तिच्यात कर्नलची आवृत्ती, एसएमपी (अनेक प्रोसेसरांचा आधार), प्रीएम्प्ट (चालू काम मध्येच थांबवायची सोय) अशा खुणा असतात. ती जुळली नाही की ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून मॉड्यूल नाकारलं जातं. म्हणूनच अपडेटमध्ये कर्नल बदलला की बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो, आणि तोवर वाय-फाय बंद.

खरा वाद आहे तो एका धोरणाचा. अ‍ॅप्लिकेशनसाठीचे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडून काम करून घ्यायचे ठरलेले मार्ग) मोडायचे नाहीत, हा कर्नलवाल्यांचा कडक नियम. कर्नलच्या आतल्या फंक्शनांना मात्र असं कुठलंच संरक्षण नाही, आणि ते मुद्दाम दिलेलं नाही. आतली रचना सुधारायची मोकळीक हवी, ज्याला त्रास नको त्याने ड्रायव्हर मूळ सोर्समध्ये द्यावा, म्हणजे बदल करणाराच तोही दुरुस्त करेल, असा हा युक्तिवाद. तो तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. पण ड्रायव्हर द्यायचा की नाही हे चिप बनवणारी कंपनी ठरवते आणि भुर्दंड पडतो लॅपटॉप घेणाऱ्याला. डेस्कटॉपवाला निदान कार्ड बदलू शकतो.

उदाहरण घ्या. कर्नलच्या ४.१५ आवृत्तीत टायमर लावायची जुनी फंक्शनं गेली. टायमर संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनला आधी एक साधा आकडा मिळायचा, आता टायमरचाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळू लागला. पुढे ५.६ मध्ये प्रॉक फाइलींसाठी (कर्नलमधली माहिती दाखवणाऱ्या फाइलींसाठी) वेगळं स्ट्रक्चर आलं. दोन्ही वेळा कंपन्यांच्या झिप फाइलींतले कितीतरी वाय-फाय ड्रायव्हर कंपाइल होईनात आणि ते दुरुस्त केले ते कंपनीबाहेरच्या लोकांनी, आपला वेळ घालून. या श्रमांची नोंद फारशी कुठे होत नाही, म्हणून इथे मुद्दाम करतो.

तोडगे निघाले. कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं डीकेएमएस हे साधन २००३ चंच. २००८ मध्ये २.६.२८ बरोबर कच्च्या ड्रायव्हरांसाठी मूळ सोर्समध्येच ‘स्टेजिंग’ची जागा झाली. मग ३.७ मध्ये मॉड्यूलवर सही तपासायची सोय आली. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (तयार संचांत) आता नुसतं कंपाइल करून भागत नाही. स्वतःची किल्ली तयार करून ती रीबूटच्या वेळी निळ्या स्क्रीनवर नोंदवावी लागते.

स्वस्त लॅपटॉपांत सर्रास दिसणाऱ्या ८८२१सीई या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर अखेर २०२० मध्ये, ५.९ बरोबर, मूळ सोर्समध्ये आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघालेल्या एका लोकप्रिय दीर्घ मुदतीच्या वितरणात मात्र कर्नल ५.४ होता, तिथे या चिपसाठी डीकेएमएसच लावावं लागलं.