लाकूड 9500 वर्षांचं, म्हणून शहरही?

गुजरातमधल्या बालासिनोरला डायनासोरची अंडी सापडली, त्यांनाही कुणी 'पुरातत्त्व' म्हणत असेल तर म्हणू दे. अंडी जीवाश्मवाल्यांची, लोथलचं हडप्पाकालीन शहर पुरातत्त्ववाल्यांचं, विषय संपला. खरा घोळ दुसरा आहे आणि तो बडोद्याच्या दारातच, खंभातच्या आखातावरून, पुन्हा पुन्हा व्हॉट्सअॅपवर फिरतो : 'समुद्राखाली 9500 वर्षांपूर्वीचं शहर, कार्बन डेटिंगने सिद्ध!'

कार्बन डेटिंगने लाकडाचं वय कळलं. शहराचं नाही.

2001 मध्ये आखातात सोनारच्या (ध्वनिलहरींनी समुद्राचा तळ टिपणाऱ्या यंत्राच्या) चित्रांत चौकोनी आकृत्या दिसल्या. मग तीसेक मीटर खोल तळावरून खरवडून काही वस्तू वर आणल्या. त्यातल्या लाकडाच्या एका तुकड्याचं वय सुमारे 9500 वर्षं असल्याचं 2002 च्या जानेवारीत जाहीर झालं. ते वय बरोबर आहे असंच धरू. प्रश्न पुढचा आहे.

झाड जिवंत असतं तोवर हवेतला कार्बन घेतं. मेलं की घेणं बंद, आणि आतला कार्बन-14 दर 5730 वर्षांनी निम्मा होत जातो. प्रयोगशाळा सांगते ते एवढंच : हे लाकूड वाढायचं कधी थांबलं. तेही अख्ख्या झाडाचं नाही, हातातल्या तुकड्यातल्या वलयांचं. खोडाच्या गाभ्यातलं वलय सालीजवळच्या वलयापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी जुनं असू शकतं. दगडाला तर ही पद्धत लागूच पडत नाही, त्यामुळे 'मंदिराच्या दगडाचं कार्बन डेटिंग' दिसलं की पुढे वाचू नये.

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा पाडला, त्याची सागवानी तुळई नव्या फ्लॅटच्या दाराला लावली. तुळईच्या वयावरून कुणी फ्लॅटचं वय काढेल का? (इतक्या अलीकडच्या लाकडाला कार्बन-14 नीट चालतही नाही, पण हिशेब कळायला पुरे.)

उत्खननात लाकूड आणि वस्ती यांची गाठ प्रयोगशाळेत नाही, खड्ड्यात बांधली जाते. पाच बाय पाच मीटरचा चौकोन आखतात, मधे बांध राखतात म्हणजे थरांची कड उभी दिसते. चुलीतला कोळसा चिमट्याने उचलून फॉइलमध्ये ठेवतात, कापसात किंवा कागदात नाही, कारण त्यांचाही कार्बन मिसळतो. खोली, बाजूंपासूनचं अंतर आणि थराचा क्रमांक तिथेच लिहितात. चुलीवर पुढच्या घराची चोपलेली जमीन शाबूत असेल तर उत्तम, वरून काही घुसलेलं नाही. जळका दाणा मिळाला तर लाकडापेक्षा तोच निवडावा, कारण दाणा एकाच हंगामाचा असतो.

आणि थराचं वय ठरवताना त्यातली सर्वांत अलीकडची वस्तू बघायची. ढीगभर हडप्पाकालीन खापरांत सयाजीरावांच्या काळातला एक पैसा निघाला, तर एक तर तो थर त्या पैशानंतरचा, नाही तर उंदराचं बीळ किंवा वरून खणलेला खड्डा नजरेतून सुटला. दोन्हींची शहानिशा करावी लागते. भोंदू पुरातत्त्व नेमकं उलटं करतं : सर्वांत जुना तुकडा उचलायचा आणि त्याचं वय सगळ्या परिसराला चिकटवायचं.

खंभातचा तुकडा कुठल्या थरातला? थरच नाही. मोठ्या भरतीला तिथलं पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं, ओढ भयंकर. मही, साबरमती, नर्मदा, तापी चौघी आपापला गाळ, लाकडं, खापरं तिथेच ओततात. शिवाय 9500 वर्षांपूर्वी समुद्र बराच खाली होता, आखाताचा बराच भाग कोरडा होता. तिथे झाड उगवलं यात नवल कसलं? आणि सोनारच्या चित्रातल्या सरळ रेषांना 'खोल्या' म्हणणं मला अजिबात पटत नाही. आधी बुडी मारून भिंत दाखवा, मग खोल्या मोजू.

याच्या शेजारी गुजरातमधलंच, शामळाजीजवळचं देवनी मोरी हे बौद्ध स्थळ ठेवून पाहा. बडोद्याच्या विद्यापीठाने 1960 च्या दशकात खणलेल्या तिथल्या स्तूपात अस्थींचा करंडक निघाला, जागच्या जागी, वर चक्क लेख : कथिक राजांचं 127वं वर्ष. पण 127 कुठल्या शकाचं, म्हणजे कुठल्या कालगणनेचं? शालिवाहन शक धरला तर इसवी सन 205, कलचुरी धरला तर 375 च्या आसपास. लिहिलेलं वर्ष हातात असूनही अभ्यासक दोन्ही पर्याय मांडतात आणि प्रत्येक जण आपण कुठला शक का धरला ते लिहितो.