जुलेपचा पुदिना ठेचू नका

बेळगावात कुणी घरी मिंट जुलेप, म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं पुदिना-व्हिस्कीचं प्रसिद्ध कॉकटेल, करायला घेतलं, की दुसरा खलबत्ता काढतोच: "पुदिना ठेचल्याशिवाय वास उतरत नाही!" जुनाच गैरसमज. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. हलक्या दाबानंही त्या फुटतात. ठेचलं की उतरतो तो हिरवा, कडवट रस. ठेचा मिरचीचा करावा.

खडेबाजारातल्या जुडीची 8-10 पानं आणि 15 मिली साखरेचा पाक पेल्यात घ्या, चमच्याच्या पाठीनं दोनदा दाबा, बस्स. मग 60 मिली बर्बन (मक्याची अमेरिकी व्हिस्की) आणि फडक्यात बांधून लाटण्यानं फोडलेला बर्फ, गच्च. केंटकीत चांदीचा पेला लागतो. आपला स्टीलचाही चालतो, बाहेरून पांढुरका होईपर्यंत ढवळा. वर तळव्यावर थापटलेली एक डहाळी.