मैदान ठरवण्यापूर्वी : रंगमंच-उभारणीविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

मोठा कार्यक्रम ठरला की बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात ते मागच्या पडद्याचे चित्र मोबाइलमध्ये घेऊन. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी ज्या गावात नाटकांचे पडदे रंगवत होते, त्या कोल्हापुरात हे साहजिकच आहे. आमचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो : मैदान किती दिवस आधी ताब्यात मिळणार आहे?

उघड्या मैदानावरचा पडदा म्हणजे शीडच असते. ४० फूट रुंद व २० फूट उंच पडद्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला, तर त्यावर अर्ध्या टनाहून अधिक रेटा येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. एप्रिल-मे महिन्यांत सायंकाळी वळीव कसा येतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. काळी माती भिजली की ठोकलेला खुंटा धरत नाही. म्हणून केवळ खुंट्या-दोरांवर भिस्त न ठेवता ट्रसच्या (पडदा व दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याच्या) पायाशी आम्ही पाण्याने भरलेल्या टाक्या बांधतो, कारण १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. त्या दिसायला बऱ्या दिसत नाहीत, हे मान्य आहे. त्यांना झालर लावून देऊ, पण त्या काढणार नाही. वारा धोक्याचा वाटल्यास, समोर प्रमुख पाहुणे बसलेले असले तरी, पडदा उतरवण्याचा अधिकार आमच्या उभारणी-प्रमुखाकडे राहील आणि तसे करारात लिहिलेले असते.

पहिल्या दिवशी आखणी, स्टेज आणि ट्रस. दुसऱ्या दिवशी दिवे, एलईडी वॉल व ध्वनियंत्रणा. दिव्यांचे झोत जुळवण्याचे काम उन्हात होत नाही, त्यासाठी कार्यक्रमाआधीची एक पूर्ण रात्र लागते. सकाळी मैदान घेऊन सायंकाळी कार्यक्रम, अशी मोठी कामे आम्ही स्वीकारत नाही.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे ७० मीटर मागे बसलेल्यास गायकाचे ओठ आधी दिसतात आणि सूर पाव सेकंदाच्या आसपास उशिरा पोहोचतो. स्टेजवरचा आवाज मधल्या खांबांपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उशीर तिथल्या स्पीकरना मुद्दाम द्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे खांब प्रेक्षकांच्या मधोमध येतात. तेव्हा खुर्च्यांचा नकाशा आमच्याशी बोलूनच पक्का करावा. ध्वनिक्षेपकाला रात्री १० नंतर मनाई आहे, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, त्यामुळे मुख्य कलाकार शेवटी ठेवताना सत्कारांची यादी आटोपशीर असलेली बरी.

विजेसाठी दिवे आणि ध्वनी यांचे जनरेटर वेगळे असतात, हा खर्च टाळता येत नाही.

मैदानाचे भाडे भरताना कार्यक्रमानंतरचा एक दिवसही त्यात धरावा. दमलेल्या माणसांकडून मध्यरात्री ट्रस उतरवून घेणे आम्ही बंद केले आहे.