नीलम काढला, माणिक घातलं

मागच्या वर्षी माझ्या मावशीने बोटातला नीलम काढून ठेवला. ‘लाभत नाही’ म्हणाली आणि त्याऐवजी माणिक करून घेतलं. शनीचा खडा गेला, रवीचा आला. पण खनिज बदललंच नाही. दोन्ही कुरुंदच, म्हणजे ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजन.

ही झाली मुख्य मूलद्रव्यं. साधारणपणे वजनाने १ टक्क्याहून जास्त ती मुख्य, ०.१ ते १ टक्का ती गौण आणि त्याखालची लेशमूलद्रव्यं. खनिज कोणतं, हे मुख्य मूलद्रव्यं आणि त्यांची रचना ठरवते. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. नीलमाला निळं करायला लोह आणि टायटॅनिअमची जोडी टक्क्याच्या काही शंभरांश भागाएवढी असली तरी पुरते. एवढ्याशा लोहाच्या जोरावर माणसांना साडेसातीची भीती घालून पैसे उकळले जातात, याची मला मनापासून चीड येते.

माणकात शंभरेक ॲल्युमिनिअम अणूंमागे जेमतेम एकाच्या जागी क्रोमिअम बसलेलं असतं. आणि गंमत म्हणजे पाचूचा हिरवा रंगही बहुधा याच क्रोमिअमचा! दोन्हीकडे त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन असतात. माणकात क्रोमिअमला ॲल्युमिनिअमची जागा तोकडी पडते, ऑक्सिजन अगदी अंगाशी येतात. त्यांच्या विद्युतक्षेत्रामुळे क्रोमिअमच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या एकमेकींपासून लांब जातात. ते अंतर ओलांडताना ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश शोषला जातो. दुसऱ्या पातळीपायी जांभळाही जातो. उरतो तांबडा. पाचूत तेच ऑक्सिजन बेरिलिअम आणि सिलिकॉनशीही बांधलेले असल्यामुळे क्रोमिअमवरचा त्यांचा जोर कमी पडतो. पातळ्या जवळ येतात, शोषण ६०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि हिरव्याला वाट मिळते.

लोह कमी असलेलं माणिक अंधारात अतिनील टॉर्चखाली धरून पाहा. निखाऱ्यासारखं फुलतं. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी क्रोमिअमच्या याच लाल प्रकाशातून जगातला पहिला लेसर बनवला.

कोणतंही मूलद्रव्य जात्याच ‘लेश’ नसतं, ते कुठल्या खनिजात आहे ते पाहावं लागतं. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत, बेसाल्टच्या पोकळ्यांत, कॅव्हनसाइटचे गडद निळे गुच्छ सापडतात. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के व्हॅनेडिअम असतं. ते काढलं तर कॅव्हनसाइटच उरत नाही. दख्खनच्या बेसाल्टमधल्या हिरव्या अपोफिलाइटलाही व्हॅनेडिअमच रंग देतं, पण तिथे ते लेशभर. ते नसतं तरी अपोफिलाइट अपोफिलाइटच राहिलं असतं, फक्त पाण्यासारखं नितळ.